बोअरला पाणी पाजू नका

आमच्या धंद्यात फेल गेलेला बोअर म्हणजे सोनं. आणि मराठवाड्यातला माणूस एक वेळ कपाटातलं सोनं काढून दाखवेल, पण फेल गेलेला बोअर दाखवणार नाही. गावात शिरायचं, हॉटेलात चहा सांगायचा आणि हळूच विचारायचं, "इथं कुणाचा बोअर वाया गेलाय का हो?" की सगळं हॉटेल गप्प! कुणाच्या घरची सोयरीक मोडली असं विचारल्यासारखे लोक माझ्याकडं बघायचे. मग कुणीतरी सांगायचा, "आमच्या शिवारात एकबी फेल न्हाई, मॅडम. पल्याडच्या गावात इचारा." पल्याडच्या गावात गेलं की ते अलीकडच्या गावाकडं बोट दाखवायचे. नोकरीतली निम्मी वर्षं माझी या बोटांच्या मागं हिंडण्यात गेली.

मी एका सरकारी संस्थेत होते. काम एकच: जमिनीच्या पोटातून वर येणारी उष्णता मोजायची. मी मूळची औशाची. माझ्या माहेरच्यांना माझं काम शेवटपर्यंत समजलं नाही. आई लोकांना सांगायची, "लेक हवामान खात्यात हाय." मी म्हणायचे, अगं आई, हवामान वरचं, मी खालचं बघते. ती म्हणायची, "एकच की ते."

तर हे खालचं हवामान असं असतं. पृथ्वी आतून गरम आहे आणि ती ऊब सतत वर झिरपत असते. दिवसा, रात्री, सणावाराला, कधी खंड नाही. पण किती झिरपते? फार थोडी. एक एकर रानातून येणारी सगळी ऊब गोळा केली तरी घरातले दोन पंखे जेमतेम फिरतील. एवढं बारीक मोजायचं म्हणजे वरवर हात लावून चालत नाही. वरच्या थराला ऊन, पाऊस, थंडी सगळं लागतं. म्हणून खोल बोअर पाहिजे. त्याच्यावर तिपाई उभी करायची, कप्पीवरून केबल सोडायची, केबलच्या टोकाला बोटाएवढं तापमापक. ते थोडं थोडं खाली सोडायचं, थांबायचं, आकडा स्थिर झाला की लिहायचा, पुन्हा सोडायचं. खाली जावं तसं तापमान वाढत जातं. आपल्या काळ्या पाषाणात शंभर मीटरला साधारण दोन-अडीच डिग्री. मग त्याच भागातल्या दगडाचा तुकडा प्रयोगशाळेत नेऊन त्यातून ऊब किती पळते ते बघायचं. दोन्हींचा गुणाकार केला की झालं उत्तर. ऐकायला सोपं आहे ना? मलाही सोपंच वाटलं होतं.

खरी मेख अशी की बोअर शांत पाहिजे. त्यात मोटर चालत असेल तर कुठलं पाणी कुठं गेलं, ढवळलं, काही पत्ता लागत नाही. म्हणून फेल गेलेला बरा. त्यात मोटर चालण्याइतकं पाणी नसतं, पण झिरपून झिरपून उभं राहिलेलं असतं, कुणी त्याला हात लावत नाही, आणि ते आजूबाजूच्या दगडाइतकंच तापलेलं असतं. अर्थात तोंडावर दगड ठेवला असेल तर. इस्लापूरकडं, सहस्रकुंडाच्या अलीकडं एका शाळेच्या आवारात मला फार सुंदर बोअर मिळाला होता. तापमापक सोडलं तर दोन पुरुष खोल गेलं आणि टक्! पोरांनी वर्षानुवर्षं त्यात खडे, पेनं, चेंडू आणि एक घंटासुद्धा टाकली होती. गुरुजी मलाच म्हणाले, "मॅडम, आमची घंटा निघते का बघा."

माणसं तरी किती तऱ्हेची. कुणाला वाटायचं मी गुप्तधन शोधते. कुणी हात धरून मागं लागायचा, "तेवढं पाणी कुठं हाय सांगा." मी पाणी बघत नाही म्हटलं की नाराज. "मंग एवढी गाडी घेऊन करून काय राहिले तुम्ही?" यावर माझ्याकडं उत्तर असायचं, पण ऐकणारा निघून गेलेला असायचा. माझ्यापेक्षा आमचे गफूरभाई छान सांगायचे. गफूरभाई म्हणजे आमच्या गाडीचे ड्रायव्हर आणि केबल सोडायचं-गुंडाळायचं विंच चालवणारेही तेच, नांदेडचे. ते म्हणायचे, "मॅडम जमीन का बुखार देखते." आणि हेच वाक्य मला महानंदापर्यंत घेऊन गेलं.

महानंदा जळकोट तालुक्यातल्या एका गावची सून. गावाचं नाव सांगत नाही, तसा मी शब्द दिलाय. तिचं माहेर औशाजवळचं. तिच्या भावाच्या रानात आम्ही एकदा मोजलं होतं, तेव्हा गफूरभाईंचं ते वाक्य तिच्या कानावर गेलं होतं. नवरा हैदराबादला ट्रकवर, घरी ती आणि सासू गंगाबाई. रानाच्या कडेला महानंदानं रोपवाटिका काढली होती: मिरची, वांगी, टोमॅटो, कांद्याचं रोप. आसपासच्या चार गावचे लोक रोप न्यायला तिच्याकडं यायचे. त्यासाठी तिनं आधल्या उन्हाळ्यात बोअर घेतला होता, शिवारातला सगळ्यात खोल, आणि तो लागला.

पौषातल्या एका सकाळी तिचा फोन आला. "मॅडम, तुम्ही जमिनीचा ताप मोजता न्हाई का? माझ्या बोअरचा मोजा. न्हाईतर गाव त्यो बुजवून राहिलंय."

झालं होतं असं. थंडी सुरू झाल्यापासून त्या भागात जमिनीतून गडगड आवाज यायचा आणि भांडी हलायची. लातूरच्या माणसाला जमीन हलणं काय असतं ते वेगळं सांगावं लागत नाही; भांडं वाजलं की तो लेकरू उचलून अंगणात. लोक थंडीत बाहेर झोपायला लागले होते. त्यातच कुणीतरी बघितलं की महानंदाच्या बोअरच्या पाण्यातून पहाटे वाफ निघते. झालं! हिनं एवढं खोल भोक पाडलं, जमिनीच्या जिव्हारी लागलं, जमिनीला ताप आला, म्हणून ती अंग झटकते. सरपंचांनी जाहीर केलं: सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी खडी-सिमेंट ओतून बोअर बंद.

मी फोनवरच समजावलं, की अगं, खोलचं पाणी कोमटच असतं, थंडीत वाफ दिसतेच.

"हे मी सांगून सांगून बेजार झाले," ती म्हणाली. "माझ्या तोंडचं कोण ऐकतंय? आकडा पाहिजे."

मला ही बाई तिथंच आवडली. मी तिला अट सांगितली. मोटर पाइपासकट वर काढावी लागेल. आणि मी येईपर्यंत, म्हणजे तीन आठवडे तरी, बोअरमधून थेंबही उपसायचा नाही. रोपांचं काय करशील?

"करते मी काहीतरी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं काय केलं ते मी गेले तेव्हा दिसलं. स्कूटीच्या दोन्ही अंगांना कॅन बांधून ती गावाबाहेरच्या सार्वजनिक विहिरीवरून पाणी आणायची. खेपा संपायच्याच नाहीत. मिरचीचं रोप जगलं होतं, टोमॅटोचं अर्धं गेलं होतं. ट्रेमध्ये सुकून पडलेली रोपं दाखवताना तिनं तोंड वाकडंसुद्धा केलं नाही. "मोजा," एवढंच म्हणाली.

आम्ही तिपाई लावली. गफूरभाईंनी केबल सोडली. मी आकडे लिहीत गेले आणि माझं डोकं फिरायला लागलं. पाणी लागल्यापासून तापमान वाढायलाच तयार नाही! पन्नास फूट गेलो, शंभर गेलो, आकडा ढिम्म, आणि तोही असायला हवा त्याहून कितीतरी कमी. मी केबल तपासली, जोड तपासले. सगळं ठीक. साधारण तीनशे फुटांवर मात्र आकडा एकदम उडी मारून वर गेला आणि तिथून खाली शहाण्यासारखा वाढत गेला.

गफूरभाई बोअरच्या तोंडाशी वाकून बघत होते. पाइपाच्या कडेला लिंबाचा पाला आणि हळदीकुंकू चिकटलेलं. ते मान हलवत म्हणाले, "मॅडम, इनो लोगां बोअर कू ठंडा पानी पिला दिये."

मी महानंदाकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक. ती सासूकडं बघत होती. गंगाबाई पदर नीट करत म्हणाल्या, "मी घातलं. आमी समद्या बायांनी मिळून घातलं. आठ रोज."

मग उलगडा झाला. देवीचा कोप झाला, अंगात ताप भरला, की देवीला गार करायची आपल्याकडची जुनी रीत. रात्रभर उघड्यावर ठेवलेलं शिळं पाणी पहाटे तिच्यावर घालायचं, लिंबाचा पाला वाहायचा, शांत हो माय म्हणायचं. जमिनीला ताप आलाय म्हटल्यावर बायांनी तेच केलं. महानंदा पहाटे स्कूटी घेऊन विहिरीवर गेली की इकडं घागरींची रांग लागायची. आणि पुढाकार सासूचा! जमीन गार झाली की गाव शांत होईल आणि सुनेचा बोअर वाचेल, हा त्यांचा हिशेब.

मला राग आला तो आला. तीन आठवड्यांचा आराम, त्या बाईच्या खेपा, वाळलेलं रोप, सगळं पाण्यात. शब्दशः! मी ओरडले, "गंगाबाई, लेकराला ताप आला तर थर्मामीटर लावायच्या आधी त्याला बर्फाचं पाणी पाजता का हो तुम्ही?"

मला वाटलं म्हातारी रडणार. पण नाही.

"न्हाई पाजत," ती म्हणाली. "पण हे मला आधी कामून न्हाई सांगितलं? मोटर लावू नका म्हणलात. पाणी उपसू नका म्हणलात. घालू नका असं कोण म्हणलं?"

गफूरभाईंनी हसू दाबायला तोंड फिरवलं. मी आजवर शेकडो लोकांना सांगितलं होतं की बोअरातून काही काढू नका. कुणी त्यात प्रेमानं काही घालेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

गाडीच्या बोनेटवर वही ठेवून मी पुन्हा आकडे बघितले, तेव्हा राग जरा खाली आला. घातलेलं पाणी बोअर भरून वर आलं नव्हतं. ते खाली जाऊन कुठंतरी निघून गेलं होतं. तीनशे फुटांवर, जिथं आकड्यानं उडी मारली, तिथं दगडात चीर होती. गार पाणी तिथवर उतरून चिरेत शिरलं. तिच्या खालच्या पाण्याला कुणाचा हात लागला नव्हता. म्हणजे खालचा निम्मा बोअर अजून खरं बोलत होता. आणि तो साधंच बोलत होता: औशाकडं मोजलं तसंच, नांदेडकडं मोजलं तसंच. तापबीप काही नव्हता.

पण निम्म्या बोअरावर मी ग्रामसभेत उभी राहणार नव्हते. सव्वीस तारखेला अजून दिवस होते. मी म्हटलं, "पुन्हा मोजायचं. तोवर ना उपसायचं, ना घालायचं. आणि जोडीला याच शिवारातला दुसरा बोअर पाहिजे, ज्याला कुणी शिवलेलं नाही. आहे का कुणाचा फेल गेलेला?"

महानंदा म्हणाली, "आमच्या गावात न्हाई कुणाचा."

"हाय की," गंगाबाई म्हणाल्या. "आप्पाच्या कडब्याच्या गंजीखाली. समद्या गावाला ठाऊक हाय. आप्पालाच वाटतंय कुणाला ठाऊक न्हाई."

आप्पा म्हणजे सरपंच! कपाळाला भस्म, पांढराशुभ्र शर्ट. मी घरी गेले तेव्हा "शरणार्थ, मॅडम" असा लिंगायती नमस्कार करून खुर्ची दिली, चहा सांगितला. बोअरचं नाव काढताच चहाचा कप हातातच राहिला. "माझा फेल बोअर? कोण म्हणलं?"

"आप्पा, बोअर फेल गेलाय, तुम्ही नाही," मी म्हटलं. "मला त्याचं तापमान बघायचंय."

आप्पांनी क्षणभर विचार केला आणि मग त्यांचे डोळे चमकले. "म्हंजी दोन्हीचा ताप बघणार? आन माझा गार निघाला तर?"

"तर मी स्वतः सांगेन की महानंदाच्या बोअरात काहीतरी वेगळं आहे."

"समद्यांसमोर?"

"समद्यांसमोर."

"हाव, मंग बघा," आप्पा म्हणाले आणि त्याच दिवशी गंज हलवायला माणसं लावली. त्यांना खात्रीच होती. पाणी नाही त्या भोकात ताप कुठला असणार!

इकडं गंगाबाईंनी बोअरजवळ बाज टाकली. पहाटे घागरी घेऊन आलेल्या बायांना त्या काठी दाखवून परतवायच्या. महानंदानं मला फोनवर सांगितलं, "मॅडम, आत्याबाई म्हणतेत, हातात घागर दिसली तर टाळकं फोडीन. मलाबी जवळ येऊ देईनात." महानंदाची स्कूटी मात्र चालूच होती. मिरचीचं रोप तिनं हट्टानं जगवलं.

पंचवीस तारखेला आम्ही दोन्ही बोअर मोजले. महानंदाच्या बोअरच्या वरच्या भागातला गारठा बराच मुरला होता. खालचा भाग होता तसाच. आप्पांचा बोअर मात्र बघत राहावं असा! इतकी वर्षं कडब्याखाली झाकलेला, कुणी ढवळला नाही, खडा टाकला नाही. तिथले आकडे एखाद्या गुणी विद्यार्थ्याच्या अक्षरासारखे ओळीत येत गेले. गफूरभाई म्हणाले, "मॅडम, ऐसा बोअर नसीब से मिलता."

झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात सभा बसली. मी फळ्यावर दोन रेघा काढल्या, एक महानंदाच्या बोअरची, एक आप्पांच्या. तीनशे फुटांखाली दोन्ही एकमेकींवर बसल्या. मी सांगितलं, "खोल जावं तसं प्रत्येक रानात असंच तापतं. हिचा बोअर सगळ्यात खोल, म्हणून पाणी सगळ्यात कोमट. एवढंच. आणि जमीन हलते ती कित्येक किलोमीटर खालून. आपला बोअर म्हणजे हत्तीच्या पाठीवर डास बसावा तसा. त्यानं हत्ती हलत नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "मंग दोन्ही रेघा सारख्या हायत तर आप्पाचाबी बुजवा की!"

पटांगण हसलं. आप्पा आधी लालबुंद झाले, मग स्वतःच हसायला लागले. पण सगळे हसत नव्हते. लेकरू कडेवर घेतलेली एक बाई उभी राहिली. "मॅडम, बाकी ऱ्हाऊ द्या. पुन्यांदा हालंल का न्हाई, तेवढं सांगा."

खोटं सांगणं सोपं होतं. नाही हलणार म्हटलं असतं तर सभा तिथंच संपली असती, बोअर वाचला असता आणि मीही जेवून निघाले असते. मी म्हटलं, "ते मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. घरं मजबूत करा, हललं की बाहेर या. माझ्या यंत्राला ते कळत नाही."

कुजबुज सुरू झाली. मंग काय उपेग? एवढं करून हेच का? आप्पांनी माझ्याकडं बघितलं. सगळं हातचं जाणार असं वाटलं.

तेवढ्यात गंगाबाई उठल्या. "तिचं काम ताप बघायचं हाय," त्या म्हणाल्या. "मरण सांगायचं न्हाई. थर्मामीटरला कोण इचारतंय का, माझं लेकरू किती वर्षं जगंल म्हणून? ताप न्हाई म्हणली ती. दोन्ही रानात न्हाई. मंग माझ्या सुनंचा बोअर कामून बुजवता?"

आप्पा उठले आणि म्हणाले, "ठराव मागं घेतला. ऱ्हाऊ द्या बोअर."

संध्याकाळी मोटर पुन्हा आत उतरली. पाइपातून पाणी आलं तेव्हा महानंदा त्याच्याखाली हात धरून उभी राहिली. एवढे दिवस कोरडी राहिलेली ही बाई तिथं ढसाढसा रडली. सासूनं पदरानं तिचं तोंड पुसलं आणि मग स्वतः हात धरून बघितला. "कोमट हाय बया," त्या म्हणाल्या. "चांगलं हाय."

माझ्या नोकरीत मी कितीतरी बोअर मोजले. त्यांचे आकडे कुठल्या कुठल्या लेखांत आहेत. खाली बारीक अक्षरात आभार, त्यात कधी माझं नाव, कधी तेही नाही. याची खंत नाही म्हटलं तर खोटं होईल. गफूरभाईंचं नाव तर कुठंच नाही, त्याचं जास्त वाईट वाटतं. आप्पांचा बोअर मात्र आमच्या कायम मोजायच्या यादीत लागला. कडब्याची गंज आता दुसरीकडं रचतात, आणि आप्पा आल्यागेल्याला तो बोअर कौतुकानं दाखवतात. फेल बोअर हौसेनं दाखवणारा मराठवाड्यातला हा एकमेव माणूस असावा.

मी रिटायर होऊन औशाला परत आले. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ओट्यावरची भांडी वाजली. बातम्यांत जळकोटचं नाव आलं. माझा हात फोनकडं गेला, पण त्याआधी तोच वाजला. महानंदा होती.

"मॅडम, लई हाललं. समदे बाहेर आलो. कुणाला लागलं न्हाई."

देवाचे आभार मानले आणि मग मला राहवेना. "आणि बोअर? कुणी आलं का बुजवायला?"

"आले होते की चार-पाच जण. आन घागरी घेऊन बायाबी आल्या," ती म्हणाली. "आत्याबाईनं पुन्हा बाज टाकलीय. उठता येईना आता तिला, पण काठी हातात हाय. म्हणती, कुणीबी हात लावायचा न्हाई. आधी त्या बाईला मोजू द्या."

मी माझ्या जागेवर आलेल्या साहेबांना फोन लावला. म्हटलं, "विंच गाडीत टाका, आधी आप्पांचा बोअर मोजू. वाटेत औशाला थांबा, मी स्टँडवर उभी आहे."